सायकल काउंट फक्त ६१, लॅपटॉप कायम चार्जरला, तरी बॅटरी २३% उतरली?

अनुजा_क
मंडळी, बॅटरीतलं कळणाऱ्यांनी जरा इकडे लक्ष द्या. माझा लॅपटॉप दोन वर्षांचा होत आलाय. काम घरून, त्यामुळे तो टेबलावरून हलतच नाही, चार्जर कायम लावलेला आणि बाजूला मोठा मॉनिटर. नवा असताना बॅटरीवर सहा तास आरामात काढायचा, आता साडेचार तासांत मान टाकतो, काम तेच, ब्राइटनेस तोच. म्हणून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. डिझाइन कपॅसिटी (म्हणजे नवी असतानाची) ५६,००० मिलिवॉट-अवर, फुल चार्ज कपॅसिटी (आत्ता पूर्ण भरल्यावरची) ४३,१२०, सायकल काउंट ६१. म्हणजे ७७% उरली.

माझं डोकं इथेच अडलंय, की जी बॅटरी मी धड वापरलीच नाही ती झिजली कशी? ऑफिसातला एक म्हणतो महिन्यातून एकदा पूर्ण शून्यावर आणत जा, दुसरा म्हणतो चार्जर लावून ठेवतेस तेच चुकतंय, तिसरा म्हणतो काहीही कर, तीन वर्षांत जायचीच असते ती. कोणाचं ऐकू?

रात्रपाळी
उत्तर माहीत नाही पण हा रिपोर्ट कुठून काढायचा तेवढं सांगा, मलाही बघायचाय.

अनुजा_क
@रात्रपाळी कमांड प्रॉम्प्ट उघडा, त्यात पॉवरसीएफजी, मग स्पेस देऊन स्लॅश बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा (अर्थात इंग्रजीत), एंटर मारा. फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं, ती ब्राउझरमध्ये उघडायची. खाली खाली जा, कपॅसिटी हिस्टरी म्हणून तक्ता आहे तो बघण्यासारखा असतो.

मिताली_स
मॅकवाल्यांसाठी: सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये पॉवर, तिथे सायकल काउंट आणि कंडिशन दिसते. लिनक्सवर यूपॉवरची कमांड आहे.

सोल्डरवाला
अनुजा, तिघांपैकी दुसरा बराचसा बरोबर आहे पण कारण त्यालाही माहीत नसणार. आता लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

लिथियम-आयन बॅटरीचं म्हातारपण दोन वाटांनी येतं. एक वापराने, म्हणजे चार्ज-डिस्चार्जने. सायकल काउंट मोजतो तो फक्त हा भाग, आणि सायकल म्हणजे चार्जर लावण्या-काढण्याची संख्या नव्हे, एकूण १००% इतका चार्ज खर्च झाला की एक सायकल. आज ५०% वापरली, परत भरली, उद्या पुन्हा ५०%, झाली एक सायकल. दुसरी वाट नुसत्या काळाची. बॅटरी कपाटात पडून असली तरी ती आतून बदलत असते, आणि हे कुठल्याच काउंटरमध्ये दिसत नाही. तुमची गेलीय ती याच वाटेने.

आत होतं काय ते थोडक्यात. एका बाजूला ग्रॅफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट-निकेल वगैरे असलेलं ऑक्साइड, मध्ये इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियम इकडून तिकडे नेणारं द्रावण. चार्ज करताना लिथियम ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतं, वापरताना परत येतं. आता गोची अशी की चार्ज झालेल्या ग्रॅफाइटला लागून इलेक्ट्रोलाइट टिकत नाही, त्याचं विघटन होऊन ग्रॅफाइटवर एक अतिपातळ थर बसतो, त्याला एसईआय म्हणतात. हा थर कारखान्यात पहिल्याच चार्जिंगला तयार होतो आणि तो हवाच असतो, कारण तोच पुढचं विघटन रोखून धरतो. पण पूर्ण रोखत नाही, तो हळूहळू जाड होत राहतो आणि जाड होताना थोडं थोडं लिथियम कायमचं त्यात अडकतं. जे अडकलं ते पुन्हा चार्ज वाहायला येत नाही, तेवढी कपॅसिटी गेली. थर जाड झाला की वाढीचा वेग कमी होतो, म्हणून बऱ्याच बॅटऱ्या पहिल्या वर्षात जरा जास्त उतरतात आणि मग स्थिरावल्यासारख्या वाटतात.

आता ही वाढ जोरात कधी होते? दोनच गोष्टी, बॅटरी भरलेली असणं आणि गरम असणं. सेल (बॅटरी अशा काही सेलची मिळून बनते) पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला असतो, हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये ४.३५ ते ४.४ सुद्धा. त्या व्होल्टेजला ऑक्साइडच्या बाजूलाही इलेक्ट्रोलाइटचं ऑक्सिडेशन वाढतं, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यात उष्णता आली की संपलंच, दर १० अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम इथेही लागू.

बॅटरीवाल्यांमध्ये एक तक्ता कायम फिरत असतो, वर्षभर नुसती ठेवलेली बॅटरी किती उरते त्याचा. २५ अंशांना ४०% चार्जवर ठेवली तर सुमारे ९६% कपॅसिटी उरते, त्याच तापमानाला १००% भरून ठेवली तर ८०%. ४० अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५. प्रत्येक सेलची केमिस्ट्री वेगळी, त्यामुळे आकडे शब्दशः धरू नका, पण फरक कुठे पडतो ते बघा. चालू लॅपटॉपच्या पोटात ४० अंश ही काही फार गोष्ट नाही. दोन वर्षं १००% वर आणि कोमट, त्या मानाने ७७% म्हणजे तुमची बॅटरी बरीच चिवट निघाली म्हणायची.

रात्रपाळी
आई शप्पथ. माझी सायकल्स ४०० च्या वर आणि हेल्थ ८१%. म्हणजे मी बेदम वापरून अनुजापेक्षा बरा?

सोल्डरवाला
हो, त्यात आश्चर्य काही नाही. लॅपटॉपची बॅटरी साधारण ३०० ते ५०० सायकल्सनंतर ८०% च्या आसपास येईल असं धरून चालतात, ॲपल त्यांच्या हल्लीच्या मॅकबुकना १००० सायकल्स सांगतं. तुम्ही बरोबर रेंजमध्ये आहात.

जुनाट_यंत्र
आमच्या काळी बरं होतं, मागची खटकी सरकवली की बॅटरी हातात. घरी असलो की बॅटरी काढून डायरेक्ट चार्जरवर चालवायचो, ना चार्ज ना उष्णता. आता सगळं आत स्क्रूखाली. बाकी महिन्यातून एकदा पूर्ण उतरवावी हे मात्र मीही ऐकत आलोय, नाहीतर बॅटरीला सवय लागते ना?

सोल्डरवाला
काका, ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांची. मेमरी इफेक्ट म्हणायचे त्याला. लिथियम-आयनला तसलं काही नसतं, सोनीने १९९१ मध्ये या बॅटऱ्या बाजारात आणल्या तेव्हापासून तो सल्ला जुना झाला, पण अजून जिवंत आहे. उलट पूर्ण शून्यापर्यंत नेणं हा लिथियम-आयनवर ताणच. शंभरवरून शून्य आणि परत शंभर अशा सायकल्सपेक्षा ७० ते ४० असे छोटे हेलकावे दिले तर तीच बॅटरी आयुष्यभरात एकूण बरीच जास्त ऊर्जा देते.

आणि बॅटरी काढून ठेवायचा म्हणता, ती भरलेलीच काढून ड्रॉवरमध्ये टाकत असाल तर फायदा अर्धाच, उष्णता टळली पण १००% वर राहिली ती राहिलीच.

धूमकेतू
हे असले धागे वाचले की मला कळत नाही लॅपटॉप आपल्यासाठी आहे की आपण लॅपटॉपसाठी. आता सगळे येऊन सांगणार ८०% ला चार्जिंग थांबवा. म्हणजे काय तर चार वर्षांनी २०% कपॅसिटी जाईल या भीतीने आजपासूनच २०% वापरायची नाही! जी गोष्ट जायची ती आपणच आधी घालवून बसायची. मी दणकून वापरतो, गेली की बदलतो.

रात्रपाळी
+१ हे बाकी लॉजिकल आहे 😄

मिताली_स
धूमकेतू, तुमचं गणित तुमच्यासाठी बरोबर आहे, तुम्ही रोज बॅटरीवर फिरत असाल तर. पण अनुजाचा लॅपटॉप टेबलावर आहे, तिला ते वरचे २०% वर्षातून किती वेळा लागतात? ती जे वापरतच नाही ते सोडून तिला काय तोटा? तिच्यासाठी ८०, खरं तर ६० सुद्धा चालेल. बाहेर जायचं असेल त्या दिवशी मर्यादा काढून १०० करायचं. वर्षातून दहा-पंधरा दिवस १०० ला गेली तर काहीही बिघडत नाही, महिनोन् महिने तिथे मुक्काम ठोकला की बिघडतं.

सेटिंग कुठे मिळेल ते: लेनोवोच्या वँटेज ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड आहे, मॉडेलप्रमाणे ६० किंवा ८० ला थांबतो, थिंकपॅडमध्ये कुठे सुरू कुठे बंद तेही ठरवता येतं. आसुसच्या मायआसुसमध्ये बॅटरी केअर किंवा हेल्थ चार्जिंग अशा नावाने. डेलला बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडतो तो सेटिंगचा मेनू) किंवा त्यांच्या ॲपमध्ये प्रायमरिली एसी यूज आणि कस्टम असे पर्याय. एचपीच्या बऱ्याच बिझनेस मॉडेल्सना बायोसमध्ये बॅटरी हेल्थ मॅनेजर. मॅकमध्ये ऑप्टिमाइझ्ड चार्जिंग आहे, ते तुमच्या सवयी बघून ८०% ला थांबतं, फक्त ते कधी थांबेल हे तेच ठरवतं, त्यामुळे कधी कधी चिडचिड होते. लिनक्सवर टीएलपी नावाचा प्रोग्रॅम टाकला की बऱ्याच लॅपटॉपना थ्रेशोल्ड, म्हणजे चार्जिंग थांबवायची मर्यादा, लावता येते. अनुजा, तुमचा कुठला?

अनुजा_क
सापडलं सेटिंग! बायोसमध्ये होतं, दोन वर्षं तिथेच पडून होतं आणि मला पत्ता नाही. ८० लावलंय.

एक शंका. चार्जर कायम लावलेला असताना बॅटरी सारखी चार्ज-डिस्चार्ज होत राहते असं समजायचे मी. मग ६१ च सायकल्स कशा?

सोल्डरवाला
नाही होत तसं. १०० ला पोचली की चार्जिंग सर्किट थांबतं आणि लॅपटॉप थेट ॲडॅप्टरवर चालतो. मग बॅटरी आपोआप हळूहळू उतरून ९५ वगैरे झाली की पुन्हा टॉपअप. म्हणून ओव्हरचार्जची भीती नको. त्रास फक्त वरच्या व्होल्टेजला बसून राहण्याचा.

अपवाद एक, गेमिंग लॅपटॉप किंवा ॲडॅप्टर कमी ताकदीचा असेल तर. समजा मशीनला जोर लावल्यावर ९० वॉट लागतायत आणि तुम्ही ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर लावलाय, तर वरचे २५ वॉट बॅटरीतून जातात. चार्जर लावलेला असूनही टक्के उतरताना दिसतात ते यामुळे. त्यात प्रोसेसरची उष्णता शेजारीच.

जुनाट_यंत्र
टाइप-सी वाले हे जरूर तपासा. मुलाचा लॅपटॉप असाच चालायचा, फोनचाच चार्जर लावून बसायचा.

रात्रपाळी
आता माझा प्रॉब्लेम. हेल्थ ८१% दाखवतोय ठीक, पण परवा ३२% असताना व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला आणि खटकन बंद. वॉर्निंग नाही काही नाही. चार्जर लावून चालू केला तर २९% दाखवतो. मग ते ३२% कुठे गेले?

सोल्डरवाला
कुठेच गेले नाहीत, आतच आहेत, पण तुम्हाला हव्या त्या वेगाने बाहेर येत नाहीत. बॅटरी जुनी होताना कपॅसिटी कमी होते हे सगळे बघतात, आतला रेझिस्टन्स वाढतो तिकडे कोणाचं लक्ष नसतं. करंट जास्त ओढला की रेझिस्टन्समुळे व्होल्टेज खाली बसतं, एक्स्पोर्टसारखं काम आलं की एकदम ओढ वाढते, व्होल्टेज कट-ऑफच्या, म्हणजे किमान मर्यादेच्या खाली डुबकी मारतं आणि सेल वाचवायला सर्किट सगळं तोडून टाकतं. नुसतं टायपिंग करत असता तर तो ५% पर्यंत गेला असता. थंडीत हे जास्त होतं, कारण थंड सेलचा रेझिस्टन्स आणखी वाढलेला. (जाता जाता, शून्य अंशाखाली गारठलेला लॅपटॉप लगेच चार्जला लावू नका, ग्रॅफाइटमध्ये न शिरता लिथियमचा धातू वरच साचतो, ते घातक.)

दुसरी शक्यता, मीटरच चुकतोय. टक्के कोणी थेट मोजत नाही, पेट्रोलच्या काट्यासारखा तो अंदाज आहे. बॅटरीतली गेज चिप आत किती करंट गेला बाहेर किती आला याची बेरीज ठेवते, त्यात बारीक चुका साठत जातात. त्यासाठी मात्र कधीतरी एकदा, दोन-तीन महिन्यांनी म्हणा, १०० करून आपोआप बंद होईपर्यंत वापरून परत पूर्ण भरायचं. याने बॅटरी सुधारत नाही, फक्त काटा जागेवर येतो. ऑफिसातल्या पहिल्या माणसाचा सल्ला बहुतेक इथून आला असावा.

अक्षरजुळणी
वाचनमात्र असते एरवी, पण विचारून घेते. माझ्या लॅपटॉपचा टचपॅड हल्ली नीट क्लिक होत नाही, घट्ट झालाय, आणि एका कोपऱ्यात जरा वर आल्यासारखा वाटतोय. हा धागा वाचून विचार आला, याचा बॅटरीशी संबंध असेल का? चालतो मात्र व्यवस्थित, तीन तास देतो अजून.

सोल्डरवाला
ताई, आत्ता शट डाउन करा, चार्जर काढा. स्लीप नको, शट डाउन. आणि दुसऱ्या कशावरून तरी उत्तर द्या.

बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅडच्या बरोबर खाली बॅटरी असते. सपाट, चांदीच्या पाकिटासारखे सेल असतात ते, आत इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू साठला की फुगतात आणि वर येऊन टचपॅडला खालून दाबतात. टेबलावर ठेवून बघा, लॅपटॉप डुगडुगतो का, झाकण बंद केल्यावर एका बाजूला फट राहते का.

अक्षरजुळणी
फोनवरून लिहितेय. हो, डुगडुगतोय. मला वाटलं रबराचा एक पाय झिजलाय.

मिताली_स
बापरे. घाबरू नका पण आता चालूही करू नका. फुगीर जागा दाबून सपाट करायचा प्रयत्न नको, टोचून हवा काढायचे व्हिडिओ आहेत ते तर अजिबात नको, आत पेटणारं द्रावण असतं. कागद, कपडे, गादी यांपासून लांब, फरशीवर ठेवा. कंपनीच्या सर्व्हिसला आधीच सांगा की बॅटरी फुगलीय, म्हणजे ते त्या तयारीने घेतील. जुनी बॅटरी रोजच्या कचऱ्यात टाकायची नाही, ई-कचऱ्यातच.

धूमकेतू
हे मात्र सिरियस आहे, इथे माझा काही वाद नाही. डेटा बॅकअप नसेल तर तेही सर्व्हिसवाल्यांना सांगा, बॅटरी काढून नुसत्या ॲडॅप्टरवर बरेच लॅपटॉप चालू होतात, तसा कॉपी काढता येईल.

अक्षरजुळणी
सर्व्हिस सेंटरमधून उघडून आणला. मी समोरच उभी होते. मागचं कव्हर, शेवटचा स्क्रू निघाला तसं स्वतःच अर्धा बोट वर उचललं गेलं. तीन सेल होते शेजारी शेजारी, डावीकडचा सपाट आणि मधला उशीसारखा टम्म, वरचं काळं प्लास्टिक ताणून पांढरट पडलेलं. टचपॅडचा मागचा पत्राही किंचित वाकलाय. बॅटरी बदलून मिळेल, पण ते म्हणतात ओरिजिनल यायला वेळ लागेल, बाहेरची हवी तर लगेच बसवतो. काय करू?

सोल्डरवाला
थांबा. बाहेरच्या सगळ्याच वाईट नसतात पण ओळखणं अवघड. सेल वापरलेले आणि कव्हर नवं असंही चालतं. ओरिजिनल घेतानाही लेबलवरची उत्पादनाची तारीख बघा, वर सांगितलं ना, बॅटरी पडून पडूनही म्हातारी होते, चार वर्षं गोडाऊनमध्ये काढलेली नवीकोरी बॅटरी नवीकोरी नसते. बसवल्यावर लगेच रिपोर्ट काढा, सायकल काउंट शून्याजवळ आणि फुल चार्ज कपॅसिटी डिझाइनच्या आसपास हवी. अर्थात बनावट बॅटरीची चिप खोटंही सांगते, त्यामुळे एकदा घड्याळ लावून खरंच किती वेळ चालते ते बघा. ५० वॉट-अवरची बॅटरी आणि लॅपटॉप सरासरी १० वॉट खातोय तर पाच तास मिळायला हवेत.

जुनाट_यंत्र
अवांतर: विमानवाल्यांचं गणितही याच वॉट-अवरवर असतं, १०० पर्यंत परवानगी लागत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीला विचारायचं. सुटी बॅटरी असेल तर ती हातातल्या बॅगेतच, खाली सामानात नाही. मोठ्यातल्या मोठ्या लॅपटॉपची बॅटरीसुद्धा ९९ च्या आसपास येऊन थांबते ती उगीच नाही.

अनुजा_क
अक्षरजुळणी, बरं झालं वेळेत विचारलंत.

माझं अपडेट. ८०% लावून काही आठवडे झाले. मध्ये मर्यादा काढून सोल्डरवाला म्हणाले तसं एकदा पूर्ण उतरवून भरली होती. आज रिपोर्ट काढला तर फुल चार्ज कपॅसिटी ४४,५०० दाखवतोय, आधी ४३,१२० होती. वाढली कशी? सुधारली का ती?

सोल्डरवाला
नाही हो, काटा सरकला. तेव्हाचा अंदाज कमी होता, आताचा खऱ्याच्या जास्त जवळ. असे एक-दोन हजार वरखाली होत राहणार, दर आठवड्याला रिपोर्ट काढत बसू नका, सहा महिन्यांनी एकदा बघा, उतरण आधीपेक्षा मंद दिसली म्हणजे झालं. अडकलेलं लिथियम परत सुटत नसतं.

रात्रपाळी
शेवटचा प्रश्न आणि मग मी गप्प बसतो. जुना लॅपटॉप आहे एक, वापरात नाही पण टाकवतही नाही. कपाटात ठेवायचा तर किती चार्ज करून?

सोल्डरवाला
४० ते ५०%, पूर्ण शट डाउन, थंड कोरड्या जागी. सेल स्वतःहून महिन्याला एखाद-दोन टक्के उतरतो आणि आतलं सर्किट थोडं खातं, म्हणून तीन-चार महिन्यांनी काढून बघायचा, २० च्या खाली गेला असेल तर परत ५० करायचा. शून्यावर ठेवून विसरलात तर सेल अडीच व्होल्टच्याही खाली जातो, आतलं तांबं विरघळायला लागतं, आणि मग तो चार्ज करायचा प्रयत्नही करू नये.

धूमकेतू
मी आत्ताच कपाटातला काढून बघितला. चालू होत नाहीये. 🙄

मिताली_स
डुगडुगतोय का ते बघा आधी, चार्जर नंतर.